अश्रूंची दरी आणि नकाशावरील बेट

उपग्रहाला समुद्रकांठचा खडक न् खडक दिसूं लागल्यापासून एक नवें शहाणपण कानीं पडूं लागलें आहे. आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवरील गेलिक नांवें आणि त्यांचे अर्थ टिपून घेण्यांत पैसा कां दवडावा, असें हे शहाणे विचारतात. जागा नकाशावर अचूक उमटली. मग म्हाताऱ्या कोळ्यांच्या दारांत वही घेऊन बसण्याचें प्रयोजन काय?

प्रयोजन पाहावयाचें असेल तर त्यांनीं अरान बेटांकडे पाहावें. तेथील सर्वांत मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावरील एका जागेचें नांव सरकारी नकाशांत ‘इलॉनानॉर’ असें छापलेलें होतें. आरंभींचा शब्द बेट या अर्थाचा आहे, अशी मोजणीदारांची समजूत झालेली दिसते. त्या जागीं बेट मात्र नाहीं! टिम रॉबिन्सन हा इंग्रज चित्रकार १९७२ सालीं तेथें राहावयास गेला, आयरिश भाषा शिकला, पायीं हिंडला आणि १९७५ सालीं त्यानें बेटांचा नकाशा काढला. त्याला खरें नांव उमगलें: ‘ग्ल्यान ना न्योर’, अश्रूंची दरी. गॉलवेहून अमेरिकेस निघालेलें जहाज जवळच्या सामुद्रधुनींतून जाई, तेव्हां त्यांतील आपल्या माणसांस अखेरचें पाहण्यासाठीं बेटकरी येथें येऊन उभे राहत. मोजणींत ही दरी सांपडली, तिचे अश्रू हरवले.

सर्वेक्षणांत विद्वान नव्हते काय, असें कोणी म्हणेल. होते. जॉन ओडोनोव्हन १८३० पासून त्या कामावर होता व त्यानें आयरिश रूपें आणि अर्थ मोठ्या साक्षेपानें वह्यांत उतरविले. पण वह्या दप्तरांत राहिल्या आणि नकाशावर इंग्रजी वळणाचीं रूपें चढलीं. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं तर नांवें विचारतांना जमीनमालक, त्यांचे कारभारी, पाद्री व शाळामास्तर यांना आधीं विचारावें, लहान शेतकरी किंवा झोंपडीवाला यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या जागेच्या नांवाबद्दलहि विसंबूं नये, अशा सूचना मोजणीदारांस होत्या. जो भूमींत राबतो तोच अविश्वसनीय! याला आम्ही शास्त्र म्हणावयास तयार नाहीं.

किनाऱ्यावर तर नांव हीच सूचना असते. स्कॉटिश गेलिकमध्यें ‘स्केर’ म्हणजे समुद्रांतील खडक. ‘बोअ’ म्हणजे पाण्याखालीं दडलेला, ज्यावर लाट फुटते तो. ‘ट्राय’ या एकाच शब्दांत वाळूचा किनाराहि येतो आणि ओहोटीहि. होडीवाल्याला हा फरक जिवाचा आहे. अर्थावांचून ठेवलेलीं अक्षरें त्याच्या काय कामाचीं?

हा अनुभव आम्हां मराठी माणसांस परका नाहीं. शीव म्हणजे हद्द, हें पोरालाहि कळतें. त्याच शिवेचें ‘सायन’ झाल्यावर त्यांतून कोणाला काय कळणार?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नांव बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणें व त्याच्याच भाषेच्या लेखनांत नकाशावर यावें, सोबत अर्थ छापावा, आणि तो कोणी सांगितला हेंहि नोंदावें. ज्यांना ही उधळपट्टी वाटते त्यांनीं एवढेंच सांगावें, ‘इलॉनानॉर’ ही चूक त्यांच्या उपग्रहानें कशी दुरुस्त केली असती?