खदानीचा पट्टा देण्याआधी

बँकेत असताना एक शिस्त अंगात मुरली. जागा तारण ठेवून कर्ज द्यायचं तर आधी टायटल सर्च, मग व्हॅल्युएशन, मग स्वतः जाऊन साइट पाहायची. कागद कितीही चोख असले तरी जायचंच. दगडाच्या खदानीचा पट्टा देताना मात्र दगड किती निघेल याचा हिशेब होतो, आणि त्या जमिनीवर आधीपासून काय आहे हे कुणी पुरातत्त्वाच्या जाणकाराने पायी फिरून पाहिलंच पाहिजे, अशी सक्ती नाही.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर मनाई आणि पुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काम नाही. पण हे वर्तुळ काढायला मध्ये आधी एक जाहीर झालेलं स्मारक लागतं. ज्याची नोंदच नाही, त्याच्याभोवती वर्तुळ कुठून काढणार?

आणि आपल्या ग्वाल्हेर-मुरैना भागाची गोष्ट जरा वेगळीच आहे. इथे चांगला दगड आणि जुनं काम एकाच ठिकाणी सापडतं. गोपाचलच्या जैन मूर्ती तोमरांच्या काळात थेट किल्ल्याच्या कड्यातच कोरल्या. मुरैन्यात पहाडगढजवळ आसन नदीकाठी लिखीछाजची चित्रं आहेत, तीही अशाच पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला. म्हणजे खदानवाल्याला जो डोंगर आवडतो, तोच आपल्या पूर्वजांनाही आवडला होता!

बटेश्वर तर बहुतेकांनी पाहिलंच असेल, पडावलीच्या शेजारी. प्रतिहारांच्या काळातली सुमारे दोनशे लहान-मोठी देवळं, सगळी कोसळून नुसता दगडांचा ढीग झालेली. के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून एकेक दगड जुळवून त्यातली कितीतरी उभी केली. त्यांनीच सांगितलंय, की डाकू होते तोवर खदानवाले तिकडे फिरकत नव्हते. डाकू गेले आणि सुरुंग सुरू झाले. हादऱ्यांनी पुन्हा नुकसान व्हायला लागलं, तेव्हा त्यांना थेट वरपर्यंत दाद मागावी लागली. ही नोंद असलेल्या जागेची कथा. नाव-गाव नसलेल्या टेकडीसाठी कोण पत्र लिहिणार?

मी खदानींच्या विरोधात नाही. लष्करातली आपली जुनी घरं याच दगडाची, छतांवर याच पटिया. हजारो मजुरांची चूल त्यावर पेटते (त्यांच्या फुप्फुसात जाणाऱ्या धुळीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं). माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे: आधी पाहणी, मग पट्टा.

ही पाहणी म्हणजे काही मोठं उत्खनन नव्हे. जुने नकाशे, गावाचे खसरे आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे अहवाल काढायचे. गवत वाळल्यावर जमीन पायी तुडवायची, खापरं, दगडी हत्यारं, घडीव दगड दिसतात का बघायचं, प्रत्येक कपार आतून पाहायची. शंका आली तर दोन-चार चाचणी खड्डे. इंग्लंडात १९९० पासून परवानगी मागणाऱ्यालाच असा अहवाल आणायला लावतात, खर्चही बहुधा त्याचाच. आपल्याकडेही सर्च रिपोर्टची फी कर्जदारच भरतो की!

पायी फिरण्याने काय होतं ते आपल्याच माणसाने दाखवलंय. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तली पद्मावती म्हणजे नरवर, असं कनिंगहॅमचं मत होतं. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे पवायाला गेले, तिथले उंचवटे, विटा, मूर्ती पाहिल्या आणि सिंध-पार्वतीच्या संगमावरचं पवाया हीच पद्मावती, हे मांडलं. तिथला मणिभद्र यक्ष आज गुजरी महालाच्या म्युझियममध्ये आहे. वरवर पाहणाऱ्याला तिथे शेतं आणि मातीचे ढिगारेच दिसले असते.

जिल्ह्याच्या खनिज सर्वेक्षणाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवतात, तेव्हा आपण तो वाचायला हवा. निवृत्त लोकांकडे वेळ आहे, कागद वाचायची सवयही आहे. आणि एक विनंती. आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या पुरातत्त्व किंवा महसूल खात्यात असतील, तर घरातल्या जुन्या पेट्या एकदा उघडा. दौऱ्याची डायरी, हाताने काढलेला नकाशा, एखाद्या पडक्या देवळाचा फोटो, जे मिळेल त्यावर गावाचं नाव लिहून ठेवा. रद्दीत घालू नका.