वरचा थर वर जन्मला नव्हता

सिमेंटची गोणी पाठीवर घेतली की मान सोलून निघते. घामाबरोबर ते कातडीला चावतं. सिमेंट बनतं चुनखडक भाजून. या चुनखडकाचा माग काढता काढता मी पार मसुरीच्या बंद खाणींपर्यंत पोचलो.

तिथला क्रोल चुनखडक ५० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचला. डोंगराच्या पायथ्याशी मेन बाउंड्री थ्रस्ट नावाचा प्रस्तरभंग जातो. भारताची भूमी आशियावर धडकली, जमीन फाटली आणि हे पुराणे खडक २ कोटी वर्षांच्या आतल्या शिवालिक खडकांवर चढून बसले. नियमानं नवा थर वर असतो. इथं म्हातारा वर, पोर खाली!

मित्रांनो, पुरुषसूक्तापासून आपल्याला सांगत आलेत : वरचे तोंडातून जन्मले, खालचे पायातून. साला, दगडसुद्धा याला साक्ष द्यायला तयार नाही. वरचा थर वर जन्मला नव्हता. रेटून चढला. चढताना खडक चिरडले, भेगाळले.

चुनखडकाच्या भेगांत पाणी मुरतं, त्यातूनच झरे वाहतात. असल्या डोंगराला सुरुंग लावले. दरडी कोसळल्या, झरे आटले. १९८३ साली डेहराडूनहून गेलेलं पत्र सुप्रीम कोर्टानं याचिका म्हणून घेतलं. १२ मार्च १९८५ च्या हुकुमानं सहस्रधारा भागातल्या खाणींसह कितीतरी खाणी बंद झाल्या. चांगलंच झालं.

पण हुकुमाची शेपटी बघा. खाण गेलेल्या पट्टेदारांना, राज्यात दुसरीकडे चुनखडक खुला झाला की पट्ट्यासाठी पहिला मान. काम गेलेल्या मजुरांना, जमेल तितपत आणि लवकरात लवकर, झाडं लावायचं, माती धरायचं काम. मालक मालकच, मजूर मजूरच. काल डोंगर फोडायचा, उद्या तोच सांधायचा. हात तेच.

पर्यावरणवाल्यांनो, तुम्हाला खडकातली भेग दिसली, माणसामाणसातली दिसली नाही. आम्ही झाडांच्या विरोधात नाही. पण खाण बंद होते तेव्हा पहिला हक्क घण मारणाऱ्याचा हवा. पगारावर, पाण्यावर, त्या जमिनीवरही.

भारताची भूमी अजून दर वर्षी काही सेंटिमीटर उत्तरेला सरकते आहे. खालचं काहीच स्थिर नाही. वर बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.