शेवटच्या दिवसाचा बाजार

गोव्याच्या सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक पर्यटक बॅगा भरण्यात आणि किनाऱ्यावरच्या महागड्या दुकानांत घालवतात. खरे तर किल्ले, चर्च, देवळे सगळे पाहून झालेले असते, परतीचे विमान संध्याकाळचे असते आणि हा निवांत दिवस शुक्रवार असेल, तर म्हापशाच्या आठवडी बाजारासारखी जागा नाही. बार्देस तालुक्यातल्या गावागावांतून बायका सकाळीच टोपल्या घेऊन येतात आणि जमिनीवरच मांड ठोकतात. मयड्याची लांबलचक केळी, आळसांदे नावाची चवळी, आमसुले, सुका जवळा, गूळ-आले घातलेले खाजे, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरलेल्या चोरिस सॉसेजांच्या मण्यांसारख्या माळा, काय घेऊ आणि काय नको असे होते! काणकोणकडच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, काजूच्या फेणीला तर ते 2009 मध्येच मिळाले. मे महिन्यात या बाजाराला वेगळीच घाई असते, कारण पावसाळ्यापूर्वीची बेगमी, म्हणजे गोंयकारांचे पुरुमेंत, तेव्हाच भरायचे असते. भूक लागली की गव्हाचा कोंडा लावलेली, आतून पोकळ अशी गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, फोडावी आणि पातळ भाजीत बुडवून खावी. विकणारीशी दोन शब्द बोलले, तर ती मिरची कशी वाटायची तेही सांगते. या बायकांची मेहनत मोठी असते, तेव्हा दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. कापडी पिशवी सोबत न्यावी आणि उन्हे चढण्याआधी पोहोचावे.