आम्ही समुद्र पाहतो

दहावीच्या परीक्षेत मी 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त' या विषयावर निबंध लिहिला होता. तोवर माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे पाणी म्हणजे आटपाडीचा तलाव. आमच्या गावाच्या नावातच 'आट' आहे. मराठीचा प्राध्यापक या नात्याने ही व्युत्पत्ती मी वर्गात सांगणार नाही. पण व्युत्पत्ती खोटी असली तरी अनुभव खरा आहे. लाटांची गाज, सोनेरी वाळू, नारळीच्या झावळ्या हे सारे मी मार्गदर्शकातून उचलले आणि गुण बरे मिळवले. त्या पापाची फेड यंदाच्या मे महिन्यात झाली.

त्याचे असे झाले. उत्तरपत्रिका तपासल्याचे मानधन चक्क वेळेवर जमा झाले. घरात दुरुस्तीला पंखा होता, सौ.च्या मनात शिलाई यंत्र होते; पण आई सहज म्हणाली, "ह्यांनी मला समुद्र दावायचं कबूल केलं हुतं." वडील म्हणायचे, "विहिरीला पाणी लागू दे, मग तुला समुद्र दाखवतो." विहीर पन्नास फूट खाली गेली, कर्ज त्याहून खाली गेले. पाणी काही लागले नाही. पुढे वडील गेले. आईने सत्तरी गाठली. पंखा आणि शिलाई यंत्र आपोआप मागे पडले.

आटपाडीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करीत मालवण. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आई, सौ. आणि कन्या अशा तिघी निम्म्यात; कुटुंबात महाग असा प्रवासी मी एकटाच. आईने भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन बरोबर घेतला.

"आई, आपण समुद्राला चाललोय. पाणी कशाला?"

"असू दे. पानी आन पैका आपल्याजवळचाच बरा."

ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी फोनवर 'समुद्र दोन मिनिटांवर' असे सांगितले होते. ते खरेही होते, पण बगळ्याच्या हिशेबाने. खोलीच्या खिडकीतून शेजारचे अंगण दिसे आणि अंगणात मासळी वाळत घातलेली. आई माळकरी. तिने नाकाला पदर लावला आणि 'पांडुरंगा' म्हणून खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावर कळले की, येथला पंखा आमच्या घरच्या पंख्याचा सख्खा भाऊ आहे.

आम्ही उन्हाचे माणदेशी. उन्हाचे भय आम्हांला कुणी दाखवू नये. पण ऊन आणि ऊन यांत फरक आहे. आटपाडीत माणसाची भाकरी होते, मालवणात मोदक होतो.

घामाने निथळत मी न्हाणीघरात शिरलो आणि नळ सोडला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. मालक भला माणूस. म्हणाला, "पाणी सकाळी येतला. आता मे महिन्यात पाणी खंय असा?"

वाचकहो, दुष्काळी तालुक्यातून मी दोन घाट उतरून ज्या पाण्याच्या ओढीने आलो, तेथे मला माणशी दोन बादल्यांचा हिशेब ऐकावा लागला. आमच्या पाच लिटरच्या कॅनकडे आईने एकदा पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. प्राध्यापकाची आई असूनही तिला गप्प बसण्याचे महत्त्व कळते.

कोकणात चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पण डोंगराचा उतार तीव्र, जांभा दगड सच्छिद्र, आणि समुद्र हाकेवर. आलेले पाणी थांबायला तयार नाही. आमच्याकडे पाणी पडत नाही म्हणून नाही. येथे ठरत नाही म्हणून नाही. दुष्काळालाही प्रांताप्रांताचे वळण असते, हे मला नव्याने कळले.

जेवणाचे तेच. बाहेर मासळीच्या थाळ्यांच्या पाट्या, आणि आम्ही चौघे वरण-भाताच्या शोधात. अखेर एका घरगुती खाणावळीत कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मिळाली. "ताकाला कुंकू लावलंय व्हय?" म्हणत आईने दोन वाट्या घेतल्या. कन्येला तारकर्लीला जाऊन पाण्यावरचे खेळ खेळायचे होते. दरपत्रक वाचून तिने विचारले, "बाबा, म्हणजे किती पेपर?" मी आकडा सांगितला. "एवढे पेपर तपासलेत तुम्ही?" असे म्हणून बिचारीने शिंपल्यांवर समाधान मानले.

संध्याकाळी बंदरावर गेलो. निबंधातला सूर्य ढगाआड होता. सोनेरी वाळूच्या जागी जाळी, होड्या, दोर आणि डिझेलचा वास. मी निराश झालो. पण आई सरळ चपला काढून पाण्यात गेली. ओंजळभर पाणी घेतले, तोंडाला लावले आणि थुंकले.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन घोटभर प्यायला न्हाई!"

1972 च्या दुष्काळात, सतरा-अठरा वर्षांची असताना, तिने दुष्काळी कामावर खडी फोडली होती. सुकडी खाऊन दिवस काढले, एका घागरीसाठी दोन मैल चालली. ती बराच वेळ लाटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "ह्यांनी बघितला न्हाई ते बरं झालं. त्यास्नी लई वाईट वाटलं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही; आणि याचा दोष सर्वस्वी पंख्याला देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. कुरटे बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली. 1667 साली तो पुरा झाला. पायाचे चिरे शिशाने बसवले, असे सांगतात. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आईने डोळे भरून पाहिला. मी शिवराजेश्वर मंदिराचा इतिहास सांगत होतो, तेवढ्यात श्रोते नाहीसे झाले. वर्गाची सवय असल्याने मला नवल वाटले नाही.

आई एका विहिरीपाशी उभी होती. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. पावसाचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. बेटाच्या पोटात मुरलेले ते पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहू शकते, असे भूगोलाचे आमचे सहकारी सांगतात. आईला सहकाऱ्याची गरज नव्हती. पाणी शेंदणाऱ्या एका बाईपुढे तिने ओंजळ धरली. प्यायली. पुन्हा धरली.

"गोड हाय रं," ती म्हणाली. "चारी बाजूंनी खारं, आन मधी गोड. ज्यानं हितं विहीर काढली, त्यो मानूस मोठा."

मग तिने मला रिकामा कॅन आणायला सांगितले. आटपाडीहून भरून आणलेला कॅन आटपाडीला भरूनच परत गेला. एस.टी.त तो तिने मांडीवर धरला होता.

कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या तालुक्यात आणले आहे. डाळिंबाच्या बागा डोलतात. पण कालवा आमच्या रानाच्या खालून गेला, आणि पाणी चढाला लागत नाही. वडिलांची विहीर कोरडीच आहे. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटीच रानात गेली. तांब्याभर पाणी देवघरात ठेवले होते. उरलेला कॅन घरी आला तो रिकामा. मी काही विचारले नाही.

शेजारच्या काकू संध्याकाळी चौकशीला आल्या. "काय आक्का, कसा हाय समुद्र?"

आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्र लई मोठा हाय. पन विहीर चांगली हाय."

मला दहावीत हे सुचले असते, तर निबंध खरा झाला असता.