‘अस्सल’ ह्या विशेषणाची किंमत

जुन्या वस्तूंच्या बाजारात नामापेक्षा विशेषण महाग असते. ह्याचा प्रत्यय हवा असेल तर आंतरजालावर विक्रीस ठेवलेले ग्रामोफोन पाहावेत. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी, पेटीच्या दर्शनी बाजूस एचएमव्हीचा कुत्रा आणि छायाचित्राखाली ठरावीक मजकूर: दुर्मीळ, पुरातन, अस्सल, १९०५ सालचा, चालू स्थितीत. नवी नक्कल म्हणून जी वस्तू काही हजारांत मिळते, तिचीच किंमत ह्या चार-पाच शब्दांनी कित्येक पटींनी वाढते. तेव्हा खरी विक्री होते ती शब्दांची. आणि शब्दांचा व्यवहार म्हटला की तो आपल्या, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांच्या, प्रांतात येतो.

पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहितेतील प्रक्षिप्त भाग बहुधा कालविपर्यासामुळे उघडा पडतो. तीच कसोटी येथे लावून पाहू. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर सुरुवातीला पिसाच्या लेखणीने लिहिणारा देवदूत असे; कुत्रा तबकडीवर आला तो १९०९ मध्ये. चित्र त्याआधीचे आहे हे खरे, परंतु त्या चित्राची कथाही उद्बोधक आहे. फ्रान्सिस बरॉ ह्या चित्रकाराने मुळात कुत्र्यासमोर रंगवला होता तो नळकांड्याचा फोनोग्राफ. १८९९ साली कंपनीने चित्र विकत घेताना अट घातली, आणि बरॉने फोनोग्राफ पुसून त्याजागी पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन रंगवला. म्हणजे आज ज्या चिन्हाकडे बोट दाखवून अस्सलपणाची ग्वाही दिली जाते, ते चिन्हच पुनर्लेखन आहे! त्या काळातील बहुतेक कर्णे रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. पितळेचे नव्हते असे नाही, पण आजच्या नकलेचा झळझळीत कर्णा कोणत्याही यंत्रावरून घेतलेला नसतो. तो चित्राच्या आठवणीवरून घडवलेला असतो.

शब्दांचा ढिसाळपणा येथेच संपत नाही. एडिसनने १८७७ साली केलेला फोनोग्राफ आणि एमिल बर्लिनरने १८८७ साली पेटंट घेतलेला, चपट्या तबकडीचा ग्रामोफोन ही दोन निरनिराळी यंत्रे. अमेरिकेत पुढे दोहोंसाठी फोनोग्राफ हाच शब्द रूढ झाला. पण तबकडीच्या यंत्राखाली ‘एडिसनचा मूळ फोनोग्राफ’ असे छापणे ह्याला भाषिक रूढी म्हणता येत नाही. ‘अँटिक फिनिश’ हा शब्दप्रयोग तर विशेष चतुर आहे. त्याचा अर्थ एवढाच की पितळेवर जुनेपणाचा रंग चढवला आहे. दोन शब्दांपैकी पहिला मोठ्या अक्षरांत आणि दुसरा लहान अक्षरांत छापला, की नक्कल वारसा होऊन बसते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जुना बाजार म्हटला की घासाघीस, थापा आणि थोडी फसवणूक आलीच. मुंबईच्या चोरबाजारात काय वेगळे चालते? वेगळे हे की मटन स्ट्रीटवरील दुकानात गिऱ्हाइकाला कर्णा ठोकून पाहता येतो, चावी फिरवता येते, पेटी उलटी करून आतले स्क्रू तपासता येतात. पडद्यावर वस्तू नसते, वर्णन असते. सगळा भार मजकुरावर पडतो, म्हणून मजकुराची जबाबदारीही वाढते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी वर्णन वस्तूशी जुळले पाहिजे असे बंधन विक्रेत्यावर घातलेलेच आहे.

शिवाय कायद्याचा आणखी एक पेच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अशा स्थितीत ‘१९०५ सालचा अस्सल, जगभर घरपोच’ असे लिहिणारा भारतीय विक्रेता कोठे उभा राहतो? वर्णन खरे मानावे तर निर्यात अडचणीत येते. निर्यात निर्वेध मानावी तर वर्णन खोटे ठरते.

आता दुसरा, अधिक सौम्य आक्षेप. कोणी दिवाणखान्याच्या शोभेसाठी नक्कल घेतली तर बिघडले काय? नक्कल म्हणून घेतली तर काहीच नाही. कर्णा घडवणारा कारागीर प्रामाणिक कामाचे पैसे घेतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ह्या नकलांच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे. पुष्कळदा त्यांतील चावीची मोटार आणि साउंड बॉक्स अस्सलच असतात. ते काढलेले असतात हातात उचलून नेता येणाऱ्या पेटीवजा ग्रामोफोनमधून, उदाहरणार्थ १९३१ साली आलेल्या एचएमव्हीच्या १०२ क्रमांकाच्या यंत्रातून. ह्या काळ्या पेटीला बाहेर कर्णा नाही, म्हणून ती ‘पुरातन’ दिसत नाही, म्हणून तिला भाव नाही, म्हणून ती फोडली जाते. खोट्या ग्रामोफोनसाठी खरा ग्रामोफोन मारला जातो, आणि हे सारे वारशाच्या नावाने चालते.

नुकसान तेथेही थांबत नाही. जोडकामातील भुजा तबकडीवर नीट बसत नाही; जड साउंड बॉक्स तिरका चालतो. लाखेच्या तबकडीला मुळातच प्रत्येक बाजूस नवी पिन लागते. अशा यंत्रावर एखाद्याने हौसेने बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची जुनी तबकडी लावली, तर ऐकता ऐकताच ती खरवडली जाते. मराठी नाट्यसंगीताचा इतिहास लिहिताना ह्या तबकड्या आपली प्राथमिक साधने आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधील संग्राहकांनी त्या जपण्यासाठी किती खटपट केली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नुकसान किरकोळ वाटणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. वर्णनात चार गोष्टी लिहाव्यात: कोणता भाग जुना, कोणता नवा, वर्ष कशावरून ठरवले, आणि यंत्र तबकडी वाजवण्याजोगे आहे की केवळ शोभेचे. विक्रीची जागा पुरवणाऱ्यांनी ह्या चार रकान्यांशिवाय ‘अँटिक’ हा शब्द वापरू देऊ नये. आणि आपण, ज्यांच्या महाविद्यालयीन प्रदर्शनांत आणि नाटकांच्या नेपथ्यात पितळी कर्ण्याला आता हक्काची जागा मिळाली आहे, त्यांनी त्याखालच्या पाटीवर ‘नक्कल’ असा शब्द लिहावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती मूळ पाठ आणि मागाहून घातलेला पाठ ह्यांत भेद करता येतो, आणि तो केला पाहिजे, ह्या श्रद्धेने. संहितेच्या बाबतीत जो काटेकोरपणा आपण परीक्षेत गुण देऊन शिकवतो, तो वस्तूंच्या बाबतीत सोडून देण्याचे काही कारण नाही.