परवाना आहे, पण भरवसा?

अमडापूरच्या चहाच्या टपरीवर परवा बाबा सिद्दीकी यांच्या हत्येचा विषय पुन्हा निघाला. एक तरुण म्हणाला, "चाचा, आता आपल्याकडेही पिस्तूल हवं." त्याची भीती मला समजते. तरीही माझं उत्तर 'नको' असंच आहे.

12 ऑक्टोबर 2024 रोजी वांद्र्यात सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सोबत पोलीस अंगरक्षक होता. तरी ते वाचले नाहीत. त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच जमिनीच्या वादातून एका आमदाराने गोळीबार केला. पिस्तूल परवान्याचं होतं. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर मारले गेले. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, तेही परवान्याचं.

रानडुकरांचा त्रास आम्हीही भोगतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय 1959 च्या शस्त्र कायद्यात आहेच. कमरेचं पिस्तूल मात्र माणसावर रोखण्यासाठीच असतं.

2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे योग्यच. पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. पाच वर्षांत भाऊबंदकी पेटते, राजकारण फिरतं, माणूस बदलतो. परवाना रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यासाठी प्रत्येक परवानाधारकाची दरवर्षी पडताळणी व्हावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

त्या तरुणाला मी एवढंच विचारलं, "बेटा, गावच्या भांडणात पहिला हात कमरेकडे जाऊ लागला, तर सोडवायला मध्ये कोण पडेल?"