झटका मशीनमध्ये रिले नको, एससीआरच पाहिजे

सोयाबीन निघालं, हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू आहे. घाटे धरले की रानडुकरं आणि रोही रोजचे पाहुणे. मशीन तपासून घ्यायची वेळ आत्ताच आहे, म्हणून लिहितो.

गेल्या साली माझं झटका मशीन बंद पडलं. दुरुस्त करणाऱ्यानं आतली जळालेली एससीआर काढली आणि म्हणाला, "रिले टाकतो, स्वस्तात होईल." मी पण मान डोलावली. तिसऱ्या रात्री टकटक बंद झाली, मी झोपेत. सकाळी बघतो तर अर्धा एकर हरभरा लोळवलेला. रिले उघडला तर दोन्ही पॉइंट एकमेकाला चिकटलेले.

चूक त्याची जेवढी, तेवढीच माझी. आत काय चालतं हे मला माहीतच नव्हतं. मशीन बॅटरीच्या १२ व्होल्टचे साधारण ४०० व्होल्ट करून कपॅसिटर भरतं. मग एक स्विच बंद होतो आणि सगळा साठा एकदम कॉइलमध्ये ओततो. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करून तारेवर पाठवते. जुन्या मोटारसायकलच्या सीडीआयमध्ये हेच चालतं, फरक एवढाच की तिथं ठिणगी पडते आणि इथं डुक्कर पळतं.

आता हिशोब करा. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, म्हणजे साठा ०.८ ज्यूल. ऐकायला कमी वाटतं. पण कॉइल १०० मायक्रोहेन्रीची धरली, तर क्षणभर सव्वाशे अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. रिलेचे पॉइंट बंद होताना थरथरतात, प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि धातू वितळतो. त्यात सेकंदाला एक झटका धरला तर बारा तासांच्या रात्रीत ४३,२०० झटके. साध्या छोट्या रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर १ लाख वेळा एवढंच असतं. म्हणजे अडीच रात्री पण नाहीत. माझा तिसऱ्या रात्री गेला, त्यात नवल काय?

काही जण इन्व्हर्टरमधला आयआरएफझेड ४४ मॉस्फेट लावून बघतात. तो ५५-६० व्होल्टचा, ४०० व्होल्टला लगेच उडतो. जास्त व्होल्टचा मॉस्फेट किंवा आयजीबीटी चालतो, पण त्याला गेटवर नीट व्होल्टेज धरून ठेवावं लागतं. करंट चालू असताना मधेच बंद झाला तर कॉइल उलटी उसळी मारते आणि तो जळतो.

एससीआरचं तसं नाही. गेटला एक टिचकी दिली की चालू होते आणि कपॅसिटर रिकामा होऊन करंट संपला की आपोआप सुटते. फक्त चार्जिंगचा करंट तिच्या होल्डिंग करंटपेक्षा कमी पाहिजे, नाहीतर ती अडकून बसते. घेताना दोन गोष्टी बघा. टीवायएन ६१२ मधला ६ म्हणजे ६०० व्होल्ट आणि १२ म्हणजे १२ अँपिअर. ४०० व्होल्टच्या मशीनला ६०० च्या खाली जाऊ नका, ८०० असेल तर बरं. आणि नुसते चालू अँपिअर बघू नका, क्षणिक झटक्याचे अँपिअर किती सोसते ते विचारा.

मशीन उघडण्याआधी बॅटरी काढा. कपॅसिटर जुन्या पिवळ्या बल्बमधून रिकामा करा, मग मीटर लावून खात्री करा. पेचकस आडवा टाकू नका.

आता खरं दुखणं. मशीन बंद पडलं, पीक गेलं, की माणूस चिडून खांबावरची लाईन सरळ तारेला जोडतो. मंडळी, झटका मशीनच्या मानकात झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब चालत नाही आणि दोन झटक्यांमध्ये निदान एक सेकंद जावा लागतो. त्या सेकंदात माणूस हात काढून घेतो. घरच्या लाईनीत तो सेकंद नसतो, स्नायू आखडतात आणि हात तारेला चिकटून राहतो. सकाळी तिथं कोण सापडेल, शेजाऱ्याचं पोर का आपलाच सालगडी, सांगता येत नाही. पुढं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. एवढं कोणत्या हरभऱ्याला परवडतं?

म्हणून माझं म्हणणं साफ आहे. विकणाऱ्यानं आतल्या एससीआरचा नंबर मशीनच्या डब्यावर छापावा. सगरोळीच्या आणि लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी पेरणीआधी अर्धा दिवस गावोगावच्या मेकॅनिकला हे शिकवावं. फवारणी पंपाची शिबिरं होतात, मग याचं का नाही? आणि आपण दुरुस्तीला गेलो की आधी विचारायचं: "स्विच कोणता टाकला?"

तुमच्या मशीनमध्ये कोणती एससीआर आहे, किती हंगाम चालली, खाली लिहा. दुसऱ्याच्या कामी येईल.